ऑईल खाणारं इंजिन : आधी मोजा, मग उघडा

(तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कापसाच्या भावावर बोलायचं नाही आणि ज्वारीच्या भावावरही नाही. आज बोलायचं आहे ते तुमच्या दारात उभ्या असलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर. हा काय बैठकीचा विषय झाला, असं कुणाला वाटेल. पण मला सांगा, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून एका दिवसात मोठी रक्कम बाहेर पडते ती कधी? लग्नात, दवाखान्यात आणि ट्रॅक्टरचं इंजिन उघडलं त्या दिवशी. लग्नाची बोलणी महिनाभर चालतात. दवाखान्यात आपण दुसऱ्या डॉक्टरला विचारतो. इंजिनाचा निर्णय मात्र पंधरा मिनिटांत होतो. नांगर शेतात उभा, धूर निळा, मिस्त्री म्हणतो, ‘हाफ इंजिन करावं लागेल.’ आपण म्हणतो, ‘करा.’ किती खर्च, कशासाठी, किती दिवस टिकेल, यातलं काही विचारलेलं नसतं. कापूस विकून आलेले पैसे वर्कशॉपच्या चिखलात जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच निळा धूर पुन्हा निघतो.

मी परभणीला शेतीशास्त्र शिकलो. मी मिस्त्री नाही आणि इथं कुणाला मिस्त्री करायला आलेलो नाही. इंजिन दुरुस्त करायचं काम मिस्त्रीचंच. पण कोणती दुरुस्ती करायची, किती करायची आणि कधी करायची, हा निर्णय मालकाचा आहे. तो हिशेबाचा निर्णय आहे आणि हिशेब आपल्याला येतो.

निळा धूर म्हणजे कपाशीवरचा लाल्या समजा. कपाशीचं पान लाल पडलं की दुकानदार बाटली काढून देतो. पण पान लाल पडायला मॅग्नेशियमची कमतरता कारण असेल, तुडतुडे असतील, बोंडं भरताना पाण्याचा ताण असेल किंवा रात्रीची थंडी असेल. लक्षण एक, कारणं चार, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. इंजिनाचंही तसंच आहे. ऑईल जळतंय हे लक्षण झालं. ते कुठून जळतंय हे कळेपर्यंत पाना लावायचा नाही. नाही तर आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

पहिलं काम : मोजा

तुमचा ट्रॅक्टर किती ऑईल खातो? हा प्रश्न मी कुठंही विचारला की उत्तर येतं, ‘लई खातो.’ लई म्हणजे किती? पगारी माणूस कामावर ठेवला तर त्याची हजेरी आपण मांडतो. ऑईलची हजेरी कुणी मांडत नाही.

मोजायची रीत सोपी आहे. सकाळी इंजिन थंड असताना, ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करून, गेजची कांडी पुसून पाहायची. ऑईल वरच्या खुणेपर्यंत भरायचं आणि टाकीही तोंडापर्यंत भरायची. मग काम करायचं. जुन्या ट्रॅक्टरचं तास मोजणारं मीटर बहुधा बंद असतं, म्हणून घड्याळाचे तास लिहायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागेवर, त्याच वेळी, पुन्हा पाहायचं. वरच्या खुणेपर्यंत आणायला किती ऑईल लागलं ते मापाच्या भांड्याने घालायचं, आणि टाकी भरायला किती डिझेल लागलं तेही लिहायचं. असं आठ-दहा दिवस करा. घरात शाळेत जाणारं पोर असेल तर वही त्याच्याकडे द्या, किंवा घरच्या लक्ष्मीकडे द्या. घरखर्चातला पैसा कुठं जातो हे तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

आता किती खाल्लं म्हणजे जास्त? मध्य प्रदेशात बुदनी इथं केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिथं नव्या ट्रॅक्टरला जी कसोटी लावतात, तिच्यात इंजिनाने जाळलेल्या डिझेलच्या १ टक्क्यापेक्षा जास्त ऑईल जळता कामा नये, असा दंडक आहे. म्हणजे १०० लिटर डिझेलमागे साधारण १ लिटर. तुमचा ट्रॅक्टर नांगरटीला तासाला ४ लिटर डिझेल घेत असेल तर १० तासांत ४० लिटर डिझेल आणि जास्तीत जास्त ४०० मिली ऑईल. नवं, धड इंजिन याच्याही बरंच खाली असतं.

पस्तीस-चाळीस हॉर्सपॉवरच्या जुन्या ट्रॅक्टरसाठी मी ठोकताळा असा धरतो. १० तासांत पाव लिटरपर्यंत खात असेल तर विसरून जा. पाव ते अर्धा लिटर असेल तर लक्ष ठेवा आणि दर महिन्याला मोजा. अर्धा ते एक लिटर असेल तर कारण शोधा. एक लिटरच्या वर गेलं तर पुढे ढकलू नका. आणि आकड्यापेक्षा चाल महत्त्वाची. वर्षभर अर्ध्या लिटरवर थांबलेलं इंजिन अजून एक हंगाम काढील. दोन महिन्यांत पाव लिटरवरून पाऊण लिटरवर गेलेलं इंजिन काही तरी सांगतंय.

दुसरं काम : फुकटातल्या तपासण्या

इंजिन उघडायच्या आधी पाच गोष्टी पाहायच्या. त्यांना पैसे लागत नाहीत.

एक. ऑईल जळतंय की गळतंय? रात्री ट्रॅक्टरखाली पुठ्ठा किंवा जुनी गोणी पसरा. सकाळी डाग कुठं पडला ते पाहा. पुढच्या पुलीखाली, फिल्टरखाली, टॅपेट कव्हरच्या कडेला किंवा मागे क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून ऑईल टपकत असेल तर तो सील-पॅकिंगचा रोग आहे. त्यासाठी पिस्टन काढायची गरज नाही.

दोन. ऑईल जास्त तर भरलं जात नाही? जुन्या ट्रॅक्टरला कुठल्या तरी दुसऱ्याच मॉडेलची कांडी घातलेली पुष्कळदा सापडते. खूण खोटी असली की ऑईल जास्त पडतं, क्रँक ते घुसळतो आणि ते वर चढून जळतं. मॉडेलच्या पुस्तकात चेंबरमध्ये किती लिटर बसतं ते दिलेलं असतं. एकदा सगळं ऑईल काढा, तेवढंच मापून भरा आणि कांडीवर स्वतः खूण करून घ्या.

तीन. ब्रीदरची नळी मोकळी आहे का? चेंबरमधली वाफ बाहेर जायला ही नळी असते. चिखलाने, कुंभारमाशीच्या घराने ती बुजली तर आत दाब धरतो आणि ऑईल मिळेल त्या वाटेने बाहेर पडतं.

चार. एअर क्लीनरच्या वाटीत ऑईल खुणेच्या वर तर नाही? ऑईल बाथचा क्लीनर असेल तर वाटीतलं जास्तीचं ऑईल इंजिन हवेबरोबर ओढून घेतं आणि निळा धूर काढतं. कित्येकदा रोग एवढाच असतो.

पाच. कांडीवरचं ऑईल कमी होण्याऐवजी वाढतंय का? वाढत असेल, पातळ होत असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर डिझेल ऑईलमध्ये उतरतंय. फीड पंपाचा पडदा फाटला असेल किंवा पंपात बिघाड असेल. ऑईल ताकासारखं पांढरट झालं असेल तर पाणी मिसळतंय. या दोन्ही परिस्थितीत ट्रॅक्टर चालवू नका. पातळ ऑईलवर एक दिवस नांगरट केली तर बेरिंगं जातात आणि छोट्या खर्चाचा मोठा खर्च होतो.

तिसरं काम : धूर आणि दाब

या पाचही तपासण्या झाल्या आणि तरी ऑईल जळतंय, मग ते आत जायला दोनच मुख्य वाटा उरतात. वरून, म्हणजे हेडमधल्या व्हॉल्व्ह गाइडमधून. किंवा खालून, म्हणजे रिंगा आणि लायनर यांच्यामधून. वरची वाट बुजवायला हेड काढावं लागतं. खालची बुजवायला इंजिन खोलावं लागतं. खर्चात काही पटींचा फरक पडतो, म्हणून वाट ओळखणं हाच सगळा खेळ आहे.

धुराचा रंग पाहा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल; नोझल, टायमिंग किंवा दाब यांचा दोष. निळा धूर म्हणजे ऑईल. आता निळा धूर कधी येतो ते पाहा. सकाळी सेल्फ मारल्यावर एक भपकारा आला आणि मग साफ झालं, किंवा दहा मिनिटं हळू चालवून एकदम रेस केल्यावर लोट आला, तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर धरायचा. नांगर जमिनीत गेला की धूर सुरू आणि नांगर वर घेईपर्यंत बंद होत नाही, तर संशय रिंगा-लायनरवर.

दुसरी खूण बॅक कॉम्प्रेशनची. इंजिन गरम झाल्यावर हळू चालू ठेवून ऑईल भरायच्या तोंडावरचं झाकण सैल करून नुसतं ठेवा. झाकण थरथरत उडत असेल आणि तोंडातून धुराचे झटके येत असतील तर जळलेला वायू रिंगांच्या बाजूने खाली उतरतोय. तो खाली उतरतो त्याच वाटेने ऑईल वर चढतं.

तिसरी खूण पक्की, पण ती मिस्त्रीकडून करून घ्यायची. नोझल काढून त्या भोकात गेज लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा. मग चमचाभर इंजिन ऑईल त्या सिलिंडरमध्ये टाकून पुन्हा मोजायचा. ऑईल टाकल्यावर दाब चढला तर रिंगा-लायनर झिजलेले. कारण ऑईलने ती फट तेवढ्यापुरती बुजवली. दाब चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहायची. चमच्यापेक्षा जास्त ऑईल टाकू देऊ नका. द्रव पदार्थ दबत नाही; जास्त पडलं तर इंजिन अडून कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्या मिस्त्रीकडे हा गेज आहे आणि जो तो लावतो, त्याला चहा जास्तीचा पाजा. गेज न लावता हाफ इंजिन सांगणारा नाडी न पाहता ऑपरेशन सांगतो.

एक धोक्याची गोष्ट इथंच सांगतो. फार झिजलेलं डिझेल इंजिन कधी कधी स्वतःचंच ऑईल ओढून त्यावर चालायला लागतं. मग डिझेल बंद केलं तरी ते थांबत नाही, उलट आवाज चढत जातो. अशा वेळी हवा बंद करणं हाच उपाय. हवा ओढायच्या तोंडावर फळी किंवा जाड ओली गोणी घट्ट दाबायची. हाताचा तळवा कधीही लावायचा नाही. जमत नसेल तर लांब व्हायचं आणि पोरांना लांब करायचं. इंजिन गेलं तर पुन्हा आणता येतं, माणूस आणता येत नाही.

झीज झाली कशाने?

खालची वाट सापडली म्हणजे लायनर झिजलाय. तो कशाने झिजला हे न शोधता नवीन किट टाकलं तर पैसे पाण्यात. आपल्या भागात याचं पहिलं उत्तर धूळ हे आहे. काळ्या रानातली उन्हाळी नांगरट, वाळलेल्या ढेकळांत रोटाव्हेटर, आणि ज्वारीच्या मळणीला भुसकटाच्या ढगात तासन्‌तास उभा ट्रॅक्टर. इंजिन ही सगळी हवा ओढतं. त्यातली धूळ क्लीनरने अडवली नाही तर ती ऑईलमध्ये मिसळते आणि लायनरला कानस लावल्यासारखी घासते. क्लीनर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरी पाइपला चीर गेली असेल, क्लिप सैल असेल, तर सगळा क्लीनर असून नसल्यासारखा. तपासायचं कसं? तो पाइप काढा आणि आतून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर माती आली तर चोर सापडला. आधी त्याचा बंदोबस्त करा, मग रिंगांचं बघू. चोर घरात ठेवून नवीन कुलूप घालण्यात अर्थ नाही.

वाटीतलं ऑईल धुळीच्या दिवसांत रोज पाहायचं. तळाला चिखलाचा थर बसला की फेकून वाटी डिझेलने धुवायची आणि खुणेपर्यंतच भरायची. आयशर २४१ सारखं एका सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन असेल तर त्याच्या पात्यांमध्ये भुसकट आणि ऑईलचा चिखल बसू देऊ नका. पाती बुजली की इंजिन तापतं आणि तापलेलं इंजिन लवकर झिजतं.

चौथं काम : पर्याय मांडा

आता दुरुस्तीचे पर्याय. ते पाच आहेत.

पहिला पर्याय, काहीच न करणं. रोज कांडी पाहायची, लागेल तेवढं चांगलं ऑईल घालायचं आणि हंगाम काढायचा. यात कमीपणा नाही. पण ऑईल खालच्या खुणेखाली कधी जाऊ द्यायचं नाही, आणि वरून घालतोय म्हणून ऑईल बदलायचं टाळायचं नाही. दुसऱ्या ट्रॅक्टरचं काढलेलं काळं ऑईल गाळून घालणं, किंवा धूर थांबवणारी बाटली ओतणं, हे पैसे वाचवणं नव्हे.

दुसरा, हेडचं काम. गाइड, सील, व्हॉल्व्ह-सीट घासणं, नवीन गॅस्केट. दाब खाली चांगला असेल तर एवढ्यात भागतं. पण खाली रिंगा अशक्त असताना नुसतं हेड करू नका. हेड घट्ट झालं की खालचा दोष आणखी उघडा पडतो आणि महिन्याभरात पुन्हा खोलावं लागतं.

तिसरा, नुसत्या रिंगा. लायनरची झीज मर्यादेत असेल तरच. लायनर वरच्या बाजूला, जिथं वरची रिंग फिरते तिथं जास्त झिजतो आणि त्याच्यावर न झिजलेली कड उरते. ती कड काढली नाही तर नवीन रिंग तिच्यावर आपटून मोडते. लायनरची चमक होन मारून घालवली नाही तर नवीन रिंग बसत नाही. एवढं नीट केलं तर एक-दोन हंगाम निघतात.

चौथा, हाफ इंजिन. लायनर, पिस्टन, रिंगा, पिनचे बुश आणि कनेक्टिंग रॉडची बेरिंगं. झेटर जातीच्या इंजिनात लायनर ओला असतो, म्हणजे पाण्याला टेकलेला. तो ओढून काढता येतो, पण खालच्या रबरी रिंगा नव्या आणि नीट बसल्या पाहिजेत, नाही तर पाणी चेंबरमध्ये उतरतं. कोरडा लायनर असेल तर प्रेस आणि लेथचं काम आलं. ते गेवराई, माजलगाव की बीड, कुठं नीट होतं हे आधी चौकशी करून ठरवा.

पाचवा, फुल इंजिन. क्रँक घासणं, मेन बेरिंगं, ऑईल पंप, सगळं. हाफ की फुल, हे कशावरून ठरवायचं? ऑईलच्या दाबावरून. इंजिन चांगलं गरम झाल्यावर हळू चालत असताना दाबाचा काटा तळाला जात असेल तर बेरिंगं आणि क्रँक झिजलेत. अशा इंजिनाचं हाफ करणं म्हणजे नवीन छप्पर पडक्या भिंतीवर टाकणं. दाब चांगला असेल तर क्रँक मापून घ्या, पण उगाच घासू नका.

आणि एक प्रश्न या पाचांच्याही आधीचा आहे : हा ट्रॅक्टर ठेवायचा का? गिअर बॉक्स आवाज करतोय, हायड्रॉलिक नांगर उचलत नाही, टायर गेलेत, आणि आपण इंजिनावर पैसे टाकतोय. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. सुटे भाग मिळतात का तेही पाहा. एचएमटीचा ट्रॅक्टरचा कारखाना बंद करायचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. आपल्याकडे ते ट्रॅक्टर अजून चालतात. त्यांच्या मालकांनी इंजिन खोलायच्या आधी किट हातात घ्यावं. खोललेलं इंजिन आणि न मिळणारा भाग, यासारखी अडचण नाही.

पाचवं काम : हिशेब

आता वही काढा. मी आकडे समजून धरतो, तुम्ही आपापले घाला. ऑईल लिटरला ३०० रुपये, डिझेल ९० रुपये, हाफ इंजिनाचा खर्च ४५ हजार. ट्रॅक्टर १० तासांत १ लिटर ऑईल खातो. दुरुस्तीनंतर २०० मिली खाईल. म्हणजे १० तासांमागे ८०० मिली, २४० रुपये वाचतील.

पहिला शेतकरी. घरचं रान आणि थोडी भाड्याची नांगरट, वर्षाला ३०० तास. त्याचे ऑईलचे वर्षाला ७,२०० रुपये वाचतात. नुसत्या ऑईलवर ४५ हजार फिटायला सहा वर्षांच्या वर लागतील. तेवढे दिवस ते किट टिकेल का? म्हणजे नुसत्या धुराला घाबरून त्याने इंजिन खोलू नये.

पण दाब कमी झाला की डिझेलही जास्त लागतं. नोझल आणि क्लीनर नीट करून पुन्हा मोजल्यावरही तासाला अर्धा लिटर डिझेल जास्त लागतंय असं वहीने दाखवलं, तर ३०० तासांचे १३,५०० रुपये झाले. दोन्ही मिळून २०,७००. आता खर्च सव्वादोन वर्षांच्या आत फिटतो. हा विचार करण्यासारखा आकडा आहे.

दुसरा शेतकरी. त्याचा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला जातो, नांगरटीलाही फिरतो, वर्षाला १,२०० तास. त्याच हिशेबाने त्याचे ऑईल-डिझेलचे मिळून ८२,८०० रुपये जातात. त्याचं हाफ इंजिन सात महिन्यांच्या आत फिटतं. त्याने एक दिवसही थांबू नये. शिवाय ट्रॅक्टर कारखान्याच्या रस्त्यावर बंद पडला तर टोळी बसून राहते, तो खर्च वेगळाच.

ट्रॅक्टर तोच, धूर तोच, मिस्त्री तोच. निर्णय मात्र दोघांचा उलटा. म्हणून शेजाऱ्याने केलं म्हणून आपण करायचं नाही आणि शेजाऱ्याने केलं नाही म्हणून थांबायचंही नाही.

कधी करायचं?

कोरडवाहू शेतकऱ्याचं दुखणं असं की सवड असते तेव्हा पैसा नसतो आणि पैसा असतो तेव्हा सवड नसते. श्रावण-भाद्रपदात ट्रॅक्टर उभा, पण खिसा रिकामा. मग किट उधारीवर येतं, उधारीचा भाव वेगळा आणि व्याज वेगळं. वैशाखात रोग कळतो, पण तेव्हा नांगरट सोडून इंजिन खोलणं परवडत नाही.

माझा सल्ला असा. मोजणी नांगरटीच्या दिवसांत करा, कारण लोडवरच इंजिन खरं बोलतं. वहीने खोलावं लागेल असं सांगितलं तरी धोका नसेल तर तो हंगाम काढा. कापूस विकल्यानंतर, पौष-माघात, ज्वारी रानात उभी असताना ट्रॅक्टरला फारसं काम नसतं आणि हातात चार पैसे असतात. तेव्हा रोख पैशाने किट घ्या, दोन दुकानांत भाव विचारून घ्या, आणि ज्वारीच्या काढणीच्या आधी इंजिन बांधून मोकळे व्हा. ऊस वाहतुकीला जाणाऱ्यांनी हे काम पावसाळ्यातच उरकावं. पण उचल हातात आली म्हणून नको ते काम काढू नये. उचल ही आपली कमाई नाही, ते फेडायचं कर्ज आहे.

मिस्त्रीशी बोलणी

मिस्त्री आपला शत्रू नाही. तोही उन्हातान्हात, डिझेलने हात भाजून घेत पोट भरतो. पण व्यवहार स्पष्ट असावा. काम सुरू करण्याआधी खर्च कागदावर लिहून घ्या. खोलल्यावर प्रत्येक लायनरचं माप वर, मध्ये आणि खाली, आणि आडवं-उभं, असं घेऊन चिठ्ठीवर मागा. किती झिजलं म्हणजे बदलायचं, हे कंपनीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात असतं. बुदनीच्या तपासणी अहवालांतही लायनरची मापं आणि टाकाऊ होण्याची मर्यादा दिलेली असते. माप मर्यादेच्या आत असेल तर लायनर बदलायला नकार द्यायचा हक्क तुमचा आहे. किट स्वतः जाऊन पक्क्या बिलाने आणा. काढलेला जुना माल घरी घेऊन या. नवीन रिंग लायनरमध्ये ठेवून तिची फट फिलर गेजने मोजताना तिथं उभे राहा. हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने आवळले जातात का ते पाहा. आणि वारं सुटलेल्या उघड्या अंगणात इंजिन बांधू देऊ नका. ज्या धुळीने जुनं इंजिन खाल्लं, तीच नव्यात भरायची नाही.

इंजिन बांधून घरी आलं की ते तासन्‌तास नुसतं हळू चालू ठेवायची पद्धत आहे. ती सोडा. रिंगा लायनरला बसायला मध्यम लोड लागतो. पहिले ५० तास हलकी कामं द्या : पाळी, पेरणी, अर्धी ट्रॉली. पल्टी नांगर लावून खोल नांगरट नको आणि उभ्या उभ्या फटफटही नको. ५० तासांनी ऑईल आणि फिल्टर बदला. आणि वही पुन्हा सुरू करा. दुरुस्तीआधी १ लिटर आणि नंतर २०० मिली, हे वहीत दिसलं तर काम झालं. नाही दिसलं तर ती वही घेऊन वर्कशॉपमध्ये जाता येतं. वहीशिवाय गेलात तर तुमचं तोंड आणि त्याचं तोंड, एवढंच राहतं.

भावांनो, पिकाचा उत्पादनखर्च काढताना सरकारचा कृषी मूल्य आयोगसुद्धा अवजारांचा घसारा खर्चात धरतो. आपण मात्र आपल्या वहीत घसाऱ्याचा रकाना ठेवत नाही. आपण बी धरतो, खत धरतो, वेचणीची मजुरी धरतो. लायनर रोज केसाएवढा झिजतोय, तो खर्चही त्याच कापसाचा आणि त्याच ज्वारीचा आहे. तो लिहिला नाही म्हणून टळत नाही. तो साठत जातो आणि एका दिवशी ४५ हजार होऊन अंगावर येतो. तासाला काही रुपये इंजिनाच्या नावाने बाजूला टाकले, भाड्याच्या नांगरटीचा दर ठरवताना ते धरले, तर त्या दिवशी सावकाराचं दार ठोठवावं लागणार नाही. भाडं ठरवताना तुम्ही डिझेल आणि ड्रायव्हर एवढंच धरत असाल, तर तुम्ही गिऱ्हाइकाचं रान नांगरून देता आणि स्वतःचा ट्रॅक्टर थोडा थोडा त्याला फुकट देता.

पुढच्या बैठकीला येताना ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याने दहा दिवसांची वही घेऊन यावं. तास किती, डिझेल किती, ऑईल किती, एवढे तीन रकाने पुरेत. कुणाचं इंजिन खोलायचं आणि कुणाचं नाही, हे आपण इथं बसून, वह्या पुढे ठेवून ठरवू.